माल कुठे, गिऱ्हाईक कुठे? केरळच्या किनाऱ्यावरील मोबाईलचा धडा

आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांपैकी अनेकांची अशी समजूत दिसते की, मोबाईलचा धंद्यातील उपयोग म्हणजे ऑर्डर घेणे, उधारीचा तगादा लावणे आणि मालाचे फोटो पाठविणे. हे उपयोग आहेतच. परंतु बिनतारी दळणवळणाचा एक उपयोग याहून मोठा आहे व त्याकडे आपले लक्ष कमी जाते. कोणता माल या घटकेला कोणत्या ठिकाणी पडून आहे, तो घेणारा कोणत्या ठिकाणी खोळंबला आहे आणि या दोघांमध्ये अंतर किती आहे, ही ठिकाणाशी बांधलेली माहिती वेळेवर इकडून तिकडे पोहोचविणे, हा तो उपयोग होय. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे एकच उदाहरण सविस्तर घेत आहोत. उदाहरण मासळीचे आहे. पण ज्यांचा मासळीशी खाण्यापलीकडे संबंध नाही, त्या बांधवांनीही ते शेवटपर्यंत वाचावे, अशी आमची विनंती आहे.

वडकऱ्याची सकाळ

केरळच्या उत्तर भागात कोळिकोड म्हणजे जुने कालिकत, कण्णूर आणि कासरगोड हे तीन किनारी जिल्हे आहेत. येथील मच्छीमारांत मोपला मुसलमानांची संख्या मोठी आहे. या किनाऱ्याचा मुख्य मासा मत्ती. आपल्या कोकणात ज्याला तारली म्हणतात तोच हा. स्वस्त, तेलकट, गरिबाच्या ताटातला आणि काही तासांत बिघडणारा. बोटी रात्री समुद्रात जातात आणि पहाटे किनाऱ्याला लागतात. किनाऱ्यावर थोड्या थोड्या अंतराने वाळूवरच बाजार भरतो व पहाटे पाच ते आठच्या सुमारास तो आटोपतोही. त्या काळी बर्फाची किंवा शीतगृहाची सोय या मासळीसाठी जवळजवळ नव्हती. त्या दोन-तीन तासांत जे विकले ते विकले.

रॉबर्ट जेन्सन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने या किनाऱ्यावरील १५ बाजार आणि ३०० बोटी निवडून १९९६ ते २००१ या काळात दर आठवड्याला त्यांची नोंद ठेवली. २००७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. त्यात १४ जानेवारी १९९७ या दिवसाची एक नोंद आहे. त्या सकाळी वडकरा येथील बाजारात ११ मच्छीमारांना आपल्या मासळीसाठी एकही गिऱ्हाईक मिळाले नाही. कोणत्याही भावाने नाही. रात्रभर खपून पकडलेला माल त्यांना टाकून द्यावा लागला. त्याच वेळी वडकऱ्यापासून १५ किलोमीटरच्या आतल्या दोन बाजारांत २७ खरेदीदार पैसे खिशात घेऊन उभे होते व मासळी मिळाली नाही म्हणून रिकाम्या हाताने परत निघाले होते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. माल होता, गिऱ्हाईक होते, पैसा होता, दोघांमधले अंतर एका मोटारसायकलच्या फेरीइतके होते. नव्हती ती फक्त बातमी. त्या ११ घरांची त्या दिवसाची रोजी बातमीअभावी गेली.

कोणी विचारील, वडकऱ्यात भाव नाही असे दिसताच बोट वळवून पुढच्या बाजारात का नेली नाही? याचे उत्तर हिशेबात आहे. पुढच्या बाजारात जायचे म्हणजे इंधन जाळायचे आणि वेळ घालवायचा. तेथे पोहोचेपर्यंत बाजार उठलेला असण्याची भीती. शिवाय तेथेही अशाच बोटींची गर्दी असेल तर? तेव्हा दिवसाला एकच बाजार गाठता येतो हे जाणून जो तो आपल्या गावच्याच किनाऱ्याला लागत असे. दुसरीकडे माल विकणारी बोट विरळा. परिणाम असा की, एका बाजारात मासळीचा ढीग तर शेजारच्या बाजारात टंचाई, आणि एकाच सकाळी दोन्हीकडच्या भावांत जमीन-अस्मानाचा फरक. मासळीचा साधारण पाच ते आठ टक्के भाग विकलाच जात नव्हता.

टॉवर आला तेव्हा

आपल्या देशात मोबाईल सेवा ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून सुरू झाली. केरळच्या या किनाऱ्यावर ती टप्प्याटप्प्याने आली. जानेवारी १९९७ मध्ये कोळिकोड, जुलै १९९८ मध्ये कण्णूर आणि मे २००० मध्ये कासरगोड. कंपन्यांनी टॉवर उभारले ते शहरांसाठी, मच्छीमारांचा विचार करून नव्हे. पण ही शहरे समुद्रालगत असल्यामुळे टॉवरच्या लहरी समुद्रावरही २० ते २५ किलोमीटरपर्यंत पोहोचल्या, आणि बहुतेक मत्तीच्या बोटी त्या टापूतच जाळी टाकत होत्या.

तेव्हा हँडसेट महाग होता आणि आलेल्या फोनचेही पैसे भरावे लागत. तरीही २००१ पर्यंत निम्म्याहून अधिक बोटींवर फोन पोहोचला होता. किनाऱ्यावरचे घाऊक व किरकोळ खरेदीदार तर बहुतेक सगळेच फोन बाळगू लागले. हौसेखातर कोणी एवढा खर्च करीत नाही.

फोनवर बोलणे काय होत असे? अगदी थोडे. बोट अजून समुद्रात असतानाच तांडेल ओळखीच्या दोन-चार खरेदीदारांना विचारी, तुमच्याकडे किती बोटी लागल्या, काय भाव निघाला, मी येईपर्यंत थांबता का. ज्या बाजारात भाव बरा, तिकडे नाळ वळवायची. काही वेळा सौदा पाण्यावरच पक्का होई व बोट लागण्याआधी खरेदीदाराचा टेम्पो तयार असे.

जेन्सनच्या नोंदीनुसार, टॉवर सुरू झाल्यानंतर सुमारे एक तृतीयांश बोटी गावाबाहेरच्या बाजारात माल उतरवू लागल्या. टाकून देण्याचे प्रमाण जवळजवळ शून्यावर आले. एका बाजाराचा भाव आणि दुसऱ्याचा भाव यांतली तफावत मोठ्या प्रमाणात मिटली. मच्छीमारांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला. आणि गिऱ्हाईकाला मत्ती सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळू लागली. विकणारा आणि घेणारा या दोघांचाही एकाच वेळी फायदा व्हावा, असे व्यापारात वारंवार होत नाही. येथे झाले, कारण पूर्वी वाया जाणारा माल आता ताटात जाऊ लागला आणि जो माल जिथे हवा तिथे पोहोचू लागला.

आणखी एक गोष्ट या अभ्यासात दिसून आली, ती आम्हाला विशेष वाटते. ज्यांनी फोन घेतला नाही, त्या मच्छीमारांचाही फायदा वाढला. फोनवाल्यांपेक्षा कमी, पण वाढला. कारण फोनवाल्या बोटी गर्दीच्या बाजारातून निघून गेल्या, की मागे राहिलेल्यांची गर्दी आपोआप कमी होते.

मत्ती हा नाशवंत माल. टिकाऊ मालाचे काय? नायजर हा पश्चिम आफ्रिकेतील मुस्लिम बहुसंख्य देश. तेथे २००१ ते २००६ या काळात मोबाईलचे जाळे पसरले. जेनी एकर या संशोधिकेने तेथील धान्यबाजारांचा अभ्यास केला, तेव्हा निरनिराळ्या बाजारांतील भावांची तफावत १० ते १६ टक्क्यांनी घटलेली दिसली. जे बाजार एकमेकांपासून दूर आणि ज्यांना जोडणारे रस्ते खराब, तेथे परिणाम अधिक. परंतु पुढच्या अभ्यासात असेही दिसले की, शेतकऱ्याच्या हाती पडणारा सरासरी भाव त्यामुळे वाढला नाही. बातमी मुख्यतः व्यापाऱ्याकडे जमा झाली व व्यापारी तिच्या जोरावर अधिक बाजार धुंडू लागला. केरळात फोन खुद्द माल पकडणाऱ्याच्या हातात होता. हा फरक आमच्या कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

बातमी नसलेल्याशी सौदा करण्याचा प्रश्न काही मोबाईलबरोबर जन्मला नाही. शहराकडे येणाऱ्या काफिल्याला वाटेतच गाठून, त्याला बाजारभाव कळण्याआधी माल घेऊन टाकण्यास हजरत पैगंबर (स.) यांनी मनाई केल्याचे हदीसच्या संग्रहांत आले आहे. इतकेच नव्हे, तर अशा विकणाऱ्याला बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडण्याची मुभाही ठेवली आहे. वाटेवरचा काफिला आणि पाण्यावरचा तांडेल यांची स्थिती एकच. फरक एवढाच की, तांडेलाच्या खिशात आता बाजाराची खबर आहे.

खबर आहे, पण मोकळीक आहे काय?

आता या गोष्टीची दुसरी बाजू. जेन्सनचा अभ्यास इतका गाजला की, मोबाईल दिला म्हणजे गरिबी हटली, असे लिहिणारेही निघाले. त्यानंतर केरळच्या किनाऱ्यावर इतर अभ्यासक गेले. जानकी श्रीनिवासन आणि जेना बरेल यांनी २०१३ साली मांडलेल्या अभ्यासात असे दाखविले की, सगळ्या बंदरांत व सगळ्या बोटींबाबत असे घडत नाही. बोट लहान की मोठी, मासेमारी कोणत्या प्रकारची, बंदर कोणते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोटीला व जाळ्याला पैसा कोणी लावला आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्याने दलालाकडून उचल घेतली आहे, त्याला माल त्याच दलालाच्या लिलावात उतरवावा लागतो. शेजारच्या बंदरात भाव चढा आहे ही खबर त्याच्या फोनवर येते खरी. तो ती ऐकतो आणि ठरलेल्याच किनाऱ्याला लागतो.

हे आपल्या वाचकांना नवे नाही. रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावरील दालदी व इतर मच्छीमार बांधव असोत, बागेचा मोहर दिसताच आगाऊ रक्कम घेणारा आंबेवाला असो, सूत घेऊन कापड त्याच व्यापाऱ्याला देणारा मागवाला असो, उचलीचा कारभार सगळीकडे सारखाच चालतो. उचल घेणारा म्हणतो, सेठ व्याज घेत नाही. ते खरे असेलही. पण आम्ही एक काल्पनिक हिशेब मांडतो, तो ज्याने त्याने आपल्या आकड्यांनी तपासून पाहावा.

समजा, एका बोटीने दलालाकडून ५०,००० रुपये उचल घेतली आहे. रोजची मासळी ३०० किलो. दलालाच्या बंदरात किलोला २० रुपये भाव निघतो, शेजारच्या बंदरात जादा इंधनाचा खर्च वजा जाता २२ रुपये पदरात पडतात. म्हणजे एका दिवसाला ६०० रुपयांचा फरक. असा फरक महिन्यातून फक्त १० दिवस पडला असे धरले, तरी ६,००० रुपये झाले. ५०,००० वर महिना ६,००० म्हणजे दरमहा शेकडा १२. आणि मुद्दल जागच्या जागी. मोबाईल येण्यापूर्वी हा आकडा कोणाला दिसत नव्हता, कारण शेजारच्या बंदराचा भावच कळत नव्हता. आता तो रोज सकाळी फोनच्या पडद्यावर दिसतो. मोबाईलचा सर्वांत मोठा उपयोग आमच्या मते येथे आहे. उचलीची खरी किंमत किती, हे ज्याला ठाऊक नाही तो ती फेडण्याची घाई कशाला करील?

तिरुवनंतपुरमजवळ मरियनाड नावाचे मच्छीमारांचे गाव आहे. तेथील ख्रिस्ती मच्छीमारांनी मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी, सुमारे १९७० पासून, आपली संस्था काढून आपला लिलाव आपणच करण्यास सुरुवात केली. लिलाव पुकारणारा संस्थेचा नोकर. विक्रीतून ठरावीक हिस्सा कर्जफेडीकडे, थोडा बचतीकडे. ज्या दिवशी मासळी नाही त्या दिवशी हप्ता नाही. पुढे गावोगावच्या अशा संस्थांचा मिळून साऊथ इंडियन फेडरेशन ऑफ फिशरमेन सोसायटीज हा संघ उभा राहिला. असे मोकळे झालेले हात आणि त्यात मोबाईल, हा योग जुळला तरच वर सांगितलेला नफा घरी येतो.

मासा कुठे आहे, हे कोणाला सांगावे?

आतापर्यंत गिऱ्हाईक कुठे आहे याची बातमी झाली. मासा कुठे आहे, ही बातमी वेगळ्या जातीची आहे.

भावाची बातमी वाटली तरी सांगणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. मासळीच्या थव्याची जागा मात्र सांगितली की चार बोटी येऊन पडतात. म्हणून जुने तांडेल जागा लपवीत. केरळात फोन आल्यावर मच्छीमारांनी थव्याच्या जागा सरसकट जाहीर केल्या नाहीत. त्यांनी भरवशाच्या मंडळींत त्या वाटून घेतल्या. आज माझ्या जाळ्यात आले तर मी तुला सांगेन, उद्या तू मला सांग. वायरलेस सेटवर बोललेले त्या चॅनेलवरचे सगळेच ऐकतात. फोनवर बोललेले दोघांतच राहते. त्यामुळे संकटाची हाक वायरलेसवर आणि थव्याची खबर फोनवर, अशी विभागणी सोयीची पडते. शहाणपणाची विभागणी आहे. वाटून घ्यायची बातमी कोणती आणि झाकून ठेवायची कोणती, हे आपल्या धंद्यातही आधी ठरवावे लागते.

आता तर आकाशातूनही खबर मिळते. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहांच्या साह्याने समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातील हरितद्रव्य मोजते. जेथे थंड व उबदार पाण्याची सीमा पडते व सूक्ष्म वनस्पती वाढते, तेथे मासळी जमण्याचा संभव अधिक. मग अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोलीवर, असा पट्टा अक्षांश-रेखांशासह जाहीर केला जातो. तो मराठीतही मिळतो आणि त्याला काही मोल पडत नाही. मात्र आकाश ढगाळ असले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, आणि पावसाळी बंदीच्या काळात ही सूचना दिली जात नाही.

ही सोय चांगलीच आहे. पण सगळ्यांनाच मासा कुठे आहे हे कळले, तर मासा राहील का, हाही प्रश्न विचारला पाहिजे. केरळात २०१२ साली मत्तीची पकड चार लाख टनांच्या जवळपास होती. २०२१ साली ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. म्हणजे शंभरात एकही उरली नाही. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची कारणे समुद्राच्या बदलत्या हवामानात आणि अति मासेमारीत, विशेषतः लहान पिले पकडण्यात शोधली आहेत. सगळा दोष फोनच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु मोठी जाळी, वेगवान इंजिने आणि थव्याची तत्काळ खबर एकत्र आली की थव्याला निसटायला जागा राहत नाही, हे कोणीही समजू शकेल. केरळ सरकारने मत्तीसाठी किमान १० सेंटिमीटर लांबीचा नियम केलेला आहे. २०२२ पासून पकड पुन्हा लाख टनांच्या वर गेली आहे. मधल्या वर्षांत ज्यांच्या बोटी बांधून पडल्या, त्यांचे हप्ते मात्र थांबले नव्हते.

लहरी कुठवर जातात

फोन चालतो म्हणजे काय होते, हे थोडक्यात. आपला फोन जवळच्या टॉवरशी बोलतो. टॉवर जितका उंच, तितका पल्ला लांब. कारण पृथ्वीच्या गोलाईमुळे दूरची बोट क्षितिजाखाली जाते. जुन्या जीएसएम पद्धतीत तर टॉवर कितीही उंच असला, तरी साधारण ३५ किलोमीटरपलीकडच्या फोनशी तो बोलूच शकत नसे. व्यवहारात किनाऱ्यापासून १०-१२ किलोमीटर गेले की पुष्कळ ठिकाणी फोन मुका होतो.

एक गैरसमज येथे दूर करतो. फोनला आपली जागा कळते ती आकाशातील उपग्रहांवरून, टॉवर नसला तरीही. पण ती जागा दुसऱ्याला कळवायची तर टॉवर लागतोच. आपण कुठे आहोत हे आपल्याला ठाऊक असणे आणि ते किनाऱ्याला ठाऊक असणे, यांतला फरक नोव्हेंबर-डिसेंबर २०१७ च्या ओखी चक्रीवादळात अनेक घरांना कळून चुकला. वादळाचा इशारा निघाला तेव्हा केरळ व तमिळनाडूच्या कित्येक बोटी टॉवरच्या टप्प्याबाहेर होत्या. शेकडो मच्छीमार परतले नाहीत.

त्यानंतर ऑक्टोबर २०१९ मध्ये जेमिनी नावाचे छोटे यंत्र आले. ते उपग्रहावरून इशारा व मासळीच्या पट्ट्याची माहिती घेऊन तांडेलाच्या फोनवर उतरविते. त्यात खोट एवढीच की, बोलणे एकतर्फी. बोटीवरून उलट काही कळविता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे केंद्र सरकारने एक लाख बोटींवर ट्रान्सपाँडर बसविण्याची योजना सुरू केली. त्यातून दोन्ही बाजूंनी छोटे संदेश जाऊ शकतात व संकटात बोटीची जागा किनाऱ्याला कळते. आमच्या कोकणातील बोटमालक बांधवांनी आपल्या जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात याची चौकशी करावी. सरकार आपल्यावर पाळत ठेवील म्हणून काही जण नको म्हणतात, असे ऐकिवात आहे. त्यांनी ओखीत गेलेल्यांच्या घरच्यांना विचारून ठरवावे.

आपल्या गल्लीत

मत्तीची गोष्ट ज्या ज्या मालाला लागू पडते, त्याची खूण सोपी आहे. माल लवकर बिघडतो, थोड्या तासांत विकावा लागतो, एकाच वेळी अनेक ठिकाणी असतो आणि कुठे किती आहे हे आधी सांगता येत नाही. रमजानमध्ये इफ्तारआधीच्या दोन तासांतली फळगाडी अशीच. एका नाक्यावर कलिंगडे उरतात, दुसऱ्या मोहल्ल्यात संपलेली असतात. सुतार, प्लंबर, माग दुरुस्त करणारे जॉबर यांचा तर मालच म्हणजे त्यांचा वेळ, आणि रिकामा गेलेला तास मत्तीसारखाच फुकट जातो. चार कारागिरांनी आज कोण कोणत्या भागात आहे एवढे सकाळी एकमेकांना कळविले, तर शहराच्या दोन टोकांना उलट-सुलट होणारी फेरी वाचते.

पण सर्वांत तंतोतंत उदाहरण बकरी ईदच्या कातड्यांचे आहे. कातडे उतरल्यावर काही तासांत मीठ लागले नाही तर ते सडू लागते व त्याचा भाव पडतो. ईदच्या दुपारी एका मोहल्ल्यात मदरशाच्या अंगणात ढीग पडलेला असतो आणि टेम्पो नसतो. दुसरीकडे टेम्पो व मीठ दोन्ही असते आणि कातडी थोडी. वडकऱ्याची सकाळच ती. येथे कातडी गोळा करणाऱ्या संस्थांनी व चर्मव्यापाऱ्यांनी मिळून एक व्हॉट्सॲप गट आठवडाभर आधी केला, तर पुष्कळ माल वाचू शकेल. गट करणे सोपे. तो चालविण्याची शिस्त अवघड. शेकडो मुबारकबादीच्या चित्रांखाली कामाचा संदेश गाडला जातो. म्हणून त्या दिवशी गटात फक्त कामाचे लिहायचे, असे आधीच बजावावे.

आणि संदेश पुरा लिहावा. 'माल आहे, लवकर या' हा संदेश नव्हे. कोणता माल, किती नग, नकाशावरची जागा, मीठ लागले आहे की नाही, किती वाजेपर्यंत थांबता येईल आणि जबाबदार माणूस कोण, एवढे त्यात हवे. जागा पाठविताना ठिकाणाची खूण पाठवावी. सतत हलती जागा दाखविणारी सोय फक्त टेम्पोवाल्याने चालू ठेवावी आणि काम होताच बंद करावी. माल उचलला की 'उचलला' असे तेथेच लिहावे, नाहीतर एकाच ढिगासाठी तीन टेम्पो निघतात. भाव गटात उघड लिहावा की खासगीत ठरवावा, यावर मतभेद होतील. आमचे मत उघड लिहावा असे आहे, कारण ज्या मदरशाला शेजारच्या मोहल्ल्याचा भाव ठाऊक नाही, तो पहिल्या टेम्पोवाल्यालाच माल देऊन मोकळा होतो. व्यापाऱ्यांना हे पहिल्या वर्षी रुचणार नाही. पण सडलेले कातडे त्यांच्याही कामाचे नाही, आणि फेरी रिकामी गेली तर डिझेल त्यांचेच जळते.

मीठ मात्र प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशीच भरून ठेवावे. ईदच्या दुपारी ते शोधायला निघणाऱ्याला दुकाने बंद मिळतात, आणि त्यावर फोनचा काही इलाज नाही.